उंदरांनी खाल्लेला रिपोर्ट

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. डॉक्टरीणबाईंनी मला वाकायला, वळायला आणि उचलायला बंदी केली आहे, तेव्हा ताठ बसून केलेला नमस्कार गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला का? माझी तब्येत उत्तम आहे असं लिहायला घेतलं होतं, पण माझं खोटं तू लहानपणापासून पकडत आली आहेस, तेव्हा सरळच लिहितो. मला कॅन्सर झालाय. अंगावरच्या तिळाचा. त्याला मेलानोमा म्हणतात, आणि तो तीळ सोडून पाठीच्या कण्यात जाऊन बसलाय. आधी पाणी पी. रडायचं असेल तर आत्ताच रडून घे, कारण पुढे हसण्यासारखंही बरंच आहे.

झालं असं की पाठ दुखायला लागली. आता चाळीस वर्षं मशीनवर वाकलेल्या शिंप्याची पाठ दुखणार नाही तर काय गिऱ्हाइकाची दुखेल? त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही, मी तर नाहीच. शेजारच्या इस्त्रीवाल्याने फडक्यावरून गरम इस्त्री फिरवली. (गुण आला नाही, पण बनियनला घडी छान बसली.) दूधवाल्याने तेल दिलं, पोस्टमनने मलम दिलं आणि हिने मला गादीवरून उठवून फळीवर झोपवलं. बरं, दुखणंही उफराटं. कष्टाचं दुखणं आडवं झालं की थांबतं, हे आडवं झालं की चेकाळायचं. तेव्हाच कळायला हवं होतं. पण कळलं नाही, आणि दोन महिने मी फळीला शिव्या देत बसलो.

मग उजव्या पायाने दगा दिला. समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची पँट शिवत होतो. पाय मशीनच्या पायपट्टीवर होता, आणि तो तिथे आहे हेच मला कळत नव्हतं. मी थांबलो, पाय थांबला नाही. मशीन आपलं धावतंय खड खड खड, आणि पँटचा एक पाय पोटरीवर आरपार शिवून मोकळा! वर ती पँट मी तशीच घडी घालून दिली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेची घंटा झालेली आणि हे गृहस्थ घरात एका पायावर नाचतायत. तीच पँट हातात घेऊन ते दुकानात आले, माझं चालणं बघितलं आणि भांडायचं विसरून मला म्हणाले की आत्ताच्या आत्ता इस्पितळात चला. सगळं आयुष्य मी मास्तरांना घाबरत आलो, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं ऐकलं.

इस्पितळात एमआरआय काढायचं ठरलं. अंगावर धातू आहे का, असं तिथल्या बाईंनी विचारलं आणि मी ऐटीत नाही म्हणालो. त्यांनी माझ्या शर्टातून अकरा टाचण्या, दोरा ओवलेली एक सुई आणि खिशातून सहा हूक काढले. शेवटी गळ्यातली मापाची टेप काढायला सांगितली, कारण तिच्या टोकाला पत्रा असतो. ताई, अंघोळ सोडली तर ती टेप माझ्या गळ्यातून कधी उतरली नव्हती. ती त्या बाईंच्या हातात देताना मला भरून आलं. मग मणक्यात सुई घालून तुकडा काढला, त्याची तपासणी झाली, आणि नाव कळलं.

डॉक्टरीणबाई आपल्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी माझ्या खांद्यामागचा जुना व्रण बघितला आणि हे काय म्हणून विचारलं. तीन वर्षांपूर्वी तिथला तीळ टेप घासून रक्त काढायचा, म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांनी तो कापला होता. (तीन टाके, तेही दात विचकल्यासारखे. मी तेव्हाच नावं ठेवली होती.) कापलेला तुकडा त्यांनी तपासायला पाठवला आणि रिपोर्टचं पाकीट घरी येईल, ते घेऊन या म्हणाले. पाकीट आलं ते ऐन गणवेशांच्या हंगामात. मी ते फोडलं, पण आतला कागद न वाचताच कापायच्या मेजावर पालथा ठेवला आणि विसरलो. पुढे ते डॉक्टरही दवाखाना बंद करून गेले. बाईंना तो रिपोर्ट हवा होता. मी दुकान धुंडाळलं, आणि दोघींनाही, म्हणजे बाईंना आणि हिला, सांगितलं की रिपोर्ट उंदरांनी खाल्ला. त्या दिवसापासून हिने दुकानात दोन पिंजरे लावलेत. रोज उंदरांचा उद्धार चालतो. एक उंदीर सापडलेला नाही.

उपचार म्हणशील तर आधी पाच दिवस मशीनखाली पाठीला किरणांचा शेक दिला. शेक देणारा पोरगा पाठीवर पेनाने फुल्या मारतो. मी जन्मभर लोकांच्या अंगावर खडूने खुणा केल्या, आता माझी पाळी. (हात सरळ आहे त्याचा. शिंपी झाला असता.) आता दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध देतात. ते म्हणे अंगातल्या झोपलेल्या शिपायांना उठवतं. उठलेले शिपाई ओळख न विचारता घरच्यांनाही झोडतात, त्यामुळे अंगाला खाज आणि पोटाचं विचारू नकोस. गोळ्यांनी हात थरथरतो. बरा होईन का विचारलं तर बाई म्हणाल्या, आटोक्यात ठेवू, पाय वाचवायचा प्रयत्न करू, पुढचं पुढे. ताई, गिऱ्हाइकाला मी ‘उद्या नक्की’ म्हणायचो ना, तेव्हा माझा चेहरा अगदी असाच असायचा.

असो. काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता.क. : उंदीर खोटे आहेत. सोबत कॉलरचा एक कागदी पॅटर्न पाठवतोय, तो उलटून बघ, हाच तो रिपोर्ट. त्यावर छापलंय, ‘तातडीने मोठ्या इस्पितळात’, आणि पुढे कात्रीची गोलाई आहे. आमच्याकडे शर्टाचं अंग मी कापतो, कॉलरी ही कापते. जाड कागद दिसला की तिचा पॅटर्न झालाच. मापाचा साडेपंधराचा आकडा तिच्याच अक्षरात आहे. (भाऊजींचा निळा शर्ट याच कॉलरीचा.) चूक माझी. कापायच्या मेजावर ठेवलेली वस्तू कापली जाणारच. पण हे तिला कळलं तर ती जन्मभर स्वतःला खात बसेल, आणि मी समजूत घालायला असेन की नाही कोण जाणे. जाळायला गेलो तर चूल तिची, टाकायला गेलो तर केर ती काढते. तू जाळ. कधी विचारलंच तिने, तर उंदीर. पाकीट सुईदोऱ्याने शिवून देतोय, म्हणजे ती उघडणार नाही.

ता.क. दुसरा : जमलं तर ये. मला फार भीती वाटते.

वन्सं, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. ह्यांनी शिवून बंद केलेलं पत्र मी उघडणार नाही होय! ज्या दिवशी हे उंदीर म्हणाले, त्याच दिवशी साडेपंधराचा पॅटर्न दुकानातल्या भिंतीवरच्या खिळ्यावरून गेलेला मी बघितला. तो कागद किती जाड होता ते अजून माझ्या अंगठ्याला आठवतं. कोरी बाजू वर होती हो, मी उलटूनसुद्धा बघितलं नाही. रडायचं ते मी मागच्या खोलीत रडून घेते. ह्यांना कळू देऊ नका. कळलं तर आजार सोडून माझीच काळजी करत बसतील. ह्यांचे टाके उसवून मी पुन्हा घातलेत. हल्ली ह्यांचा हात सरळ चालत नाही, म्हणून मीही थोडे वाकडेच घातले. पिंजऱ्यांत रोज पावाचा ताजा तुकडा ठेवते. लवकर या, आणि आलात की तुम्हीही उंदरांना दोन शिव्या द्या.