चुडामण मास्तरांची कात्री

ता. ४ मार्च १९३५, सोमवार

आज पुन्हा काजंच. चुडामण मास्तर म्हणाले, "भिकुबाई, काज म्हणजे कपड्याचा डोळा." दोन वर्षं मी डोळेच काढतेय. तोंड कधी दाखवणार?

धुळ्यात मास्तरांच्या हाताचं नाव आहे. वकिलांचे कोट, सावकारणींच्या चोळ्या, सगळं इथेच. नवरा गेल्यापासून मी भावाकडे, झुलालकडे राहते; काल त्याने वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं — उमेदवारी करा, गुरूची सेवा करा, धंद्यात वर या. लिहिणाऱ्याने एक काज करून दाखवावं, मग वर यायचं बोलावं.

उमेदवारीची इथली रीत अशी. आधी काज-बटण, जोडीला हातशिलाई, मग मशीन. कात्रीचं नाव काढायचं नाही. बेतायचं कापड घेऊन मास्तर पडद्याआड जातात. आत कात्री कर्र कर्र चालते, बाहेर मी मुकाट. कोणी बोललं तर बेत चुकतो म्हणे. मग हातात तुकडे घेऊन बाहेर येतात, तोंडात ताजं पान. एवढं एकचित्ताचं काम, आणि त्यात पान रंगवायला सवड! गुरू म्हणतात ते उगाच नाही.

ता. ७ मार्च

भावजय तव्याशी बोलते, ऐकवते मला. "आखाजीपर्यंत बघू."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की मला दोंडाईच्याला पाठवायचं घाटतंय. माझ्या दिराकडे. तिथे सतरा माणसं आणि स्वयंपाकाला बाई हवी. झुलाल म्हणतो, "पगार नसला तरी मान आहे, अक्का." मानावर भाकरी भाजत नाही.

बेतणं आलं तर देवपुरात ओट्यावर माझं दुकान. नाही आलं तर दोंडाईचा. इतकं सरळ आहे.

ता. १३ मार्च

ठेकेदारांच्या प्रमिलाबाई आल्या आणि चोळी माझ्या मांडीवर टाकली. "मास्तर, ही माझी की माझ्या लेकीची?"

मास्तर बाईमाणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. जमिनीला सांगितलं, "शिलाईत आखडली. भिकुबाईंचा हात जड आहे."

पण घरी येताना पांझरेच्या पुलावर डोक्यात उजेड पडला. कोणतीच बाई शिंप्याला माप घेऊ देत नाही. जुनी चोळी पाठवते, तिच्यावरून बेत. प्रमिलाबाईंनी काय पाठवली होती? हिरव्या खणाची, डाग नाही, सुरकुती नाही. घामाने विटलेली, ठिगळाची चोळी परक्या पुरुषाच्या हाती कोण देईल? लाज वाटते. मग पेटीच्या तळची काढायची — लग्नातली. मधे तीन बाळंतपणं झाली, ती चोळीला कुठे माहीत!

सगळं धुळं लग्नाच्या मापाने चोळ्या शिवतंय आणि शिंप्याच्या नावाने बोटं मोडतंय. मी तरी काय, माझ्या सासरी असताना तेच करत होते.

ता. १९ मार्च

दोरी घेऊन प्रमिलाबाईंकडे गेले. दाराला कडी घातली आणि सरळ माप घेतलं. छातीला एक गाठ, दंडाला दोन, पाठीला तीन. त्या हसत सुटल्या, "भिकुबाई, बैल विकत घेताय का?" मी म्हटलं, "बैल असता तर गप उभा राहिला असता."

दोरी मास्तरांच्या हातात दिली. हातात साप दिल्यासारखे मास्तर बघत राहिले. पडद्याआड गेले. थोड्या वेळाने बाहेर आले, कान लाल. जमिनीला विचारलं, "ते... त्यांचं धाकटं... अजून अंगावर पितं का?"

मी म्हटलं, "पितं." परत आत.

हा प्रश्न पुरुषाला सुचला? खोटं कशाला लिहू, मला मास्तरांबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं.

ता. २० मार्च

दोरी परत आली. दंडाच्या दोन गाठींपाशी एक गाठ जास्तीची, मापाशिवायची. म्हणजे काखेचं माप राहिलं. बरोबर होतं, विसरलेच होते. माणूस बोलत नाही पण काम जाणतो.

ता. २६ मार्च

चोळी अशी बसली की प्रमिलाबाई घालूनच गल्लीभर हिंडल्या. मास्तरांना म्हणाल्या, "हात म्हणावा तर तुमचा." मास्तर म्हणाले, "नजर लागते, बाई. नजर." माझी दोरी त्यांच्याच खिशातून लोंबत होती.

ता. १२ एप्रिल

आता देवपुरातल्या बायका मलाच बोलावतात. रोज दोऱ्या नेतेय, रोज चोळ्या अंगासरशा होऊन येतायत. म्हणून आज तोंड उघडलं. "मास्तर, आता कात्री शिकवा."

"बाईच्या हाताला कात्री पेलत नाही. मनगट लागतं."

तेवढ्यात पडद्यातून चहाचा कप आला. देणाऱ्या त्यांच्या बायको, यशोदाबाई. दोन वर्षांत मी त्यांचा हातच पाहिलाय. अंगठ्याला हा एवढा घट्टा. किती भाकऱ्या थापते बिचारी. मास्तरांचे हात बघितले — लोणी. धंद्यात वर आलं की हात मऊ पडत असावेत.

ता. २१ एप्रिल

झुलालने दोंडाईच्याला पत्र टाकलं. भावजय आज गोड बोलली. म्हणजे ठरलं.

ता. ३० एप्रिल

आखाजी रविवारवर आली. माहेरवाशिणींच्या अकरा चोळ्या बेतायच्या पडल्यात, आणि मास्तर भाच्याच्या हळदीला चाललेत. कुठे? दोंडाईच्यालाच! म्हणाले, "शुक्रवारी येऊन बेततो. तोवर दुकान उघडून शिवलेलं तेवढं द्या. पडद्याला हात लावू नका."

मी म्हटलं, "दिराला सांगा, चूल सारवून ठेवा."

ता. १ मे, बुधवार

मास्तर पहाटेच्या मोटारीने गेले. मी डोळ्यांनी बघितलं, खिडकीशी बसले होते.

दुकान उघडलं, झाडू हातात घेतला. पडद्याआड कात्री चालू होती. कर्र, कर्र.

पडद्याला हात लावला नाही. मागल्या बोळातून गेले, दार लोटलं. यशोदाबाई मांडी घालून बसलेल्या, पुढे खण, घट्ट्याच्या त्या अंगठ्यात कात्री, गळ्यात माझ्या सगळ्या दोऱ्या. मान वर केली नाही.

"इतला दिन लागनात वं तुले? बस. अंगठा असा धर."