क्रेनवाल्या काकांचं गलबत

६ फेब्रुवारी

मिळाला! वेल्डर आज कायमचा गावी गेला आणि जाताना गेमचा डबा माझ्या खाटेवर ठेवून गेला. सोबत एकच सीडी – चाच्यांची. म्हणाला, बॅगेत मावत नाही, आणि घरी नेला तर बायको एक तर डब्याला ठेवेल नाही तर मला.

हाच तो गेम. मावसभावाकडे होता तेव्हा मी नुसता शेजारी बसायचो. "तू बघ, तुला नाही जमणार," हे त्याचं ठरलेलं. त्यानंतर त्या मालिकेचे कितीतरी भाग येऊन गेले. सगळे पार पुढे निघून गेले आणि मी आज सुरू करतोय. फोनवर सांगितलं तर मावसभावाला हसून हसून ठसका लागला. म्हणे, अरे तो गेम आता म्हातारा झाला. होऊ दे. मला तर नवाकोरा आहे.

ताई म्हणते रोज चार ओळी लिहीत जा, नाहीतर शिकलास तेवढंही विसरशील. झाल्या, ताई.

८ फेब्रुवारी

मेलो. परत मेलो. समुद्रात पडून मेलो.

११ फेब्रुवारी

हा गेम मारामारीचा नाही, लपायचा आहे – एवढं कळायला मला इतके दिवस लागले. कप्तान डोक्यावर टोपडं ओढतो, उंच गवतात दबा धरतो, हळूच शिट्टी वाजवतो. पहारेकरी बघायला आला की त्याचा निकाल. माझा कप्तान मात्र गवतात टिकतच नाही. पहारेकरी दिसला की माझा अंगठा आपोआप दाबला जातो. मग घंटा वाजते, सगळा तळ गोळा होतो, खेळ खलास.

पलीकडच्या खाटेवर काका पडले होते, डोळे मिटून. ते म्हणाले, "बूट वाजतायत बघ. थांब. अजून थांब. आता लांब गेले. जा."

गेलो. जमलं! डोळे मिटून हा माणूस माझ्यापेक्षा चांगला खेळतो.

काका म्हणजे आमचे क्रेनवाले. सगळ्या बांधकामाच्या वर, आभाळात त्यांची काचेची केबिन. खाली हुकपाशी मी. इथला नियम असा की माझा हात हलल्याशिवाय काकांनी काहीच उचलायचं नाही. वॉकीटॉकी आहेत, पण सगळे एकदम आपापल्या भाषेत ओरडतात, त्यातून काय कप्पाळ कळणार. म्हणून हातच. बोट फिरवलं – वर. तळवा खाली – सोड. मूठ वळली – थांब.

मी आलो तेव्हा फोरमन मला तिथून काढणार होता. म्हणे, ह्याच्या अंगात पारा आहे, एका जागी उभा राहत नाही, दोन्ही हात पंख्यासारखे फिरवतो. काका म्हणाले, मला ही भिंगरीच द्या. तेव्हापासून माझं नाव भिंगरी. आजवर मला कोणी कशासाठी मागून घेतलं नव्हतं. शाळेने नाही, आधीच्या एकाही मालकाने नाही. काकांनी घेतलं. हे त्यांना तोंडावर कधी सांगता येणार नाही, म्हणून इथे.

१६ फेब्रुवारी

गलबत मिळालं!! माझं स्वतःचं. शिडं सोडली की खलाशी गायला लागतात. शब्द एकही कळत नाही, तरी मी पण सुरात सूर मिसळून दिला. काका म्हणाले, हे बरं आहे, आमच्या साइटवर काम करताना कोणी गात नाही, नुसते शिव्या देतात. जेवण झाल्यावर दोघं बराच वेळ कुठलंही मिशन न करता नुसते समुद्रावर हिंडलो. मी हाकत होतो, काका गाणं ऐकत होते. घरापासून इतक्या लांब अशी संध्याकाळ मिळेल असं वाटलं नव्हतं.

२१ फेब्रुवारी

सुट्टी. काकांच्या हातात कंट्रोलर दिला. आधी नाही नाही म्हणत होते, मग खाटेवरून उतरून खुर्ची पुढे ओढली. गलबत कसं वळवायचं ते दाखवलं आणि बघतच राहिलो. मी सुकाणू एकदम फिरवतो, गलबत जातं भलतीकडे. काका वळायच्या कितीतरी आधी हळूच सुरुवात करतात आणि मोक्याला सोडून देतात. म्हणाले, लोंबणारं ओझं असंच असतं, आपण थांबलो तरी ते थांबत नाही. मोठ्या लाटेला तोंड देणंही त्यांना न शिकवता जमलं. मी टाळ्या वाजवल्या.

मग गलबत खडकावर नेऊन आदळलं. मी म्हटलं, काका, खडक! ते म्हणाले, तो ढग नव्हता का? पुन्हा निघाले. समोरून लाल शिडांचं हे एवढं मोठं लढाऊ जहाज, टीव्हीचा अर्धा पडदा व्यापलेला, आणि काका सरळ त्याच्यावरच निघाले. ओरडलो तेव्हा वळवलं. तोवर तोफा सुरू झाल्या होत्या.

खुर्ची पुढे ओढत ओढत शेवटी काकांचं नाक टीव्हीला लागायचं बाकी होतं. मी चष्म्याचं विचारलं. म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, टीव्ही जुना आहे.

२२ फेब्रुवारी

टीव्ही ओल्या फडक्याने पुसला. टीव्हीला काही झालेलं नाही.

२४ फेब्रुवारी

आज मुद्दाम केलं. हुक रिकामा होता, आजूबाजूला कोणी नव्हतं. खाली सोडायला सांगितलं आणि मध्येच फक्त मूठ वळली. छातीजवळ, जशी आम्हाला शिकवताना दाखवली होती. अंग अजिबात हलवलं नाही.

हुक थांबला नाही. येतच राहिला.

मी बाजूला उडी मारली तेव्हा थांबला. उडी दिसली त्यांना. मूठ दिसली नाही.

संध्याकाळी काका म्हणाले, चल रे, गलबत काढ. मी डोकं दुखतंय म्हणालो.

२५ फेब्रुवारी

फोरमनला सांगितलं तर काका उद्याच्या उद्या घरी. नाही सांगितलं तर एक दिवस सळयांचा भारा कोणाच्या तरी डोक्यावर, आणि पहिलं डोकं माझंच. भारा बांधणारे दोघं असतात, त्यांचीही.

ताईला फोन केला. म्हटलं, हे काम सोडतोय. ती म्हणाली, परत? कोणी मारलं? जेवायला देत नाहीत? मग काय झालं? मला सांगता येईना. ती म्हणाली, "तुला कुठून तरी निघायचंच असतं. कुठे जायचंय ते मात्र तुला कधीच माहीत नसतं." आणि आईकडे फोन दिला. आई म्हणाली, नीट जेव.

ताईचं खरं आहे. आजवर अडचण आली की मी निघालोच आहे. इथूनही निघेन. मग हुकपाशी दुसरा कोणीतरी उभा राहील, शिकवलंय तशी मूठ वळणारा.

२७ फेब्रुवारी

गेममध्ये दिवसभर गवतात लपून बसता येतं. कोणी काही विचारत नाही. कामावर तसं करवेना. आज प्रत्येक उचलीला उड्या मारल्या. पाय मोडून आले.

२८ फेब्रुवारी

सांगितलं काकांना. जेवणाच्या सुट्टीत, सिमेंटच्या पोत्यांच्या मागे. म्हटलं, तुम्हाला माझी मूठ दिसत नाही. ते डबा खात राहिले. वाटलं, ऐकलंच नाही. मग म्हणाले, "मूठ वर्षभर दिसली नाही. तू दिसतोस. म्हणून तर तुला मागून घेतलं. बाकीचे खाली नुसते खांब होऊन उभे राहतात."

मला वाटायचं, मी चांगला आहे म्हणून.

मी म्हटलं, डोळे दाखवा. ते म्हणाले, दाखवले की कागदावर येतं, कागदावर आलं की शिडी बंद. आणि डोळ्यात सुरी घालतात म्हणे. त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. एवढ्या उंचावर जाऊन बसणारा माणूस सुरीला घाबरतो! हसू यायला हवं होतं. आलं नाही. ते म्हणाले, वर असलो की मी कोणीतरी असतो रे, खाली आलो की नुसता म्हातारा.

मी म्हटलं, दाखवून येईपर्यंत मी हात वर करणार नाही. ते डबा बंद करून उठले.

१ मार्च

काल दुपारपासून क्रेन तपासणीला, उद्यापर्यंत उचल नाही. काका बोलत नाहीत. मीही नाही. गेम बंद. खाटेवर पडलो की तेच येतं डोक्यात – मागून घेतलं ते माझ्या माकडउड्यांना.

२ मार्च

पण मागून तर घेतलंच ना. नाहीतर फोरमनने मला केव्हाच सिमेंटच्या पोत्यांवर धाडलं असतं. गवतात थांबायला कोणी शिकवलं? बूट ऐकायला? मला एवढा राग आला, पण हिशोब काही केल्या काकांच्याच बाजूला झुकतो.

३ मार्च

सळयांचा भारा हुकला बांधून झाला. बांधणारे बाजूला सरले. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. मी दोन्ही हात खिशात घातले आणि उभा राहिलो. नुसता उभा. मला येत नाही ते, कधीच आलं नाही. नाकावर माशी बसली, ती पण हाकलली नाही.

क्रेन गप्प. हात नाही तर उचल नाही.

फोरमन धावत आला. हात मोडले का विचारलं. म्हटलं, नाही. मग कर की वर. म्हटलं, आज नाही. त्याने माझ्या सगळ्या खानदानाची विचारपूस केली. कारण विचारलं. ते मी सांगितलं नाही. म्हणाला, तू आजच्या आज घरी, आणि दुसरा माणूस आणायला वळला. मनात म्हटलं, गेली नोकरी. या वेळी न सोडता गेली, तेवढंच नवीन.

तेवढ्यात शिडीवर काका दिसले. उतरत होते. प्रत्येक पायरी आधी पायाने चाचपून, मग वजन टाकत. इतके दिवस मला वाटायचं, वय झालं म्हणून सावकाश उतरतात.

माझ्याजवळ आले, अगदी जवळ, खुर्ची ओढून टीव्हीजवळ जायचे तसे. म्हणाले, "खाली काही हलेना. मला वाटलं, तू सोडून गेलास."

मी म्हटलं, इथेच आहे.

काकांनी माझा खांदा चाचपला. मग फोरमनकडे वळून म्हणाले, पोराची चूक नाही, माझा डोळा दुखतोय, मीच त्याला थांब म्हटलं होतं. दाखवून येतो. फोरमनने विचारलं, आत्ता? काका म्हणाले, आत्ताच.

माझी नोकरी राहिली. ती पण त्यांच्यामुळेच.

४ मार्च

मोतीबिंदू! दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. डॉक्टर काकांना म्हणाले, तुम्ही इथवर चालत आलात कसे? काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. काढला की झालं म्हणे, शिडीसुद्धा बंद होणार नाही. ह्या साध्या गोष्टीसाठी वर्षभर आम्ही सगळे त्या हुकखाली उभे होतो.

९ मार्च

एका डोळ्याचं झालं. सुरी दिसलीच नाही म्हणाले, नुसता पांढरा उजेड. आत नेताना माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठलेत. वळ बघून बरं वाटतंय.

१४ मार्च

एका डोळ्यावर पट्टी, दुसरा धुरकट, टीव्हीला सक्त मनाई. तरी काका म्हणाले, गलबत लाव, मी ऐकतो. तू सांगत जा. मी आयुष्यात कोणाला काही सांगितलेलं नाही. सुरुवातीला नुसतं समुद्र, समुद्र म्हणत होतो. काका म्हणाले, कसा समुद्र? मग नीट बघावं लागलं. उथळ पाणी हिरवट असतं, खोल काळं. वादळाआधी पक्षी दिसेनासे होतात. ढगांची सावली पाण्यावरून सरकते. हे सगळं पहिल्या दिवसापासून तिथे होतं, मी तलवार घेऊन पळत होतो. सांगताना घसा बसला.

काकांनी विचारलं, कप्तान दिसायला कसा आहे? म्हटलं, देखणा आहे, माझ्यासारखा. म्हणाले, बरं झालं पट्टी आहे ती.

२० मार्च

दुसऱ्या डोळ्याचंही झालं. आणि आमचा गेम संपला. कप्तानाने एवढ्या लढाया मारल्या, पण शेवटी गलबतावर ओळखीचे चेहरे थोडेच उरले. काकांनी कोण कोण गेलं ते विचारून घेतलं. मग म्हणाले, त्याला कोणीतरी आधीच थांब म्हणायला हवं होतं.

मावसभावाला कळवलं. म्हणाला, मग आता नवीन भाग घे. म्हटलं, घाई नाही. हे मी बोललो!

ताईला सांगितलं, राहतोय इथेच. तिने या वेळी फोन ठेवायची घाई केली नाही. उशिरा मिळालं म्हणून काही कमी पडत नाही. मला हा गेम उशिरा मिळाला, काका उशिरा मिळाले. वेल्डरचंही भलं होवो, त्याच्या बायकोचंही.

२९ मार्च

काकांची शेवटची पट्टी निघाली. खोलीत आले, खाटेवर बसले आणि माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "आवाजावरून मला वाटायचं, चांगला बाप्या असशील. तुला तर मिसरूडही नीट फुटलेलं नाही." मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, एवढंसं पोर वर्षभर माझ्या हुकखाली.

संध्याकाळी फोरमन विचारायला आला, वर कधी चढताय? काका म्हणाले, "मी नाही. ह्याला वर शिकायला घ्या. हुकखाली मी उभा राहतो."