बिब्याच्या फुल्या

अमरावती, १२ जानेवारी २०२५

ती. भावनाताईस,
अश्विनचा सप्रेम जयभीम.

मैना नावाच्या चित्रकार मुलीचं काळं-लाल चित्र भिंतीवर टांगलं, त्या क्षणी माझं सगळं बदललं. कॉलेज सोडल्यापासून प्रदर्शनांत चित्रं टांगून राहिलो, पण एखादं चित्र माझ्याशीच बोललं असं कधी झालं नव्हतं. चौकटीत चौकट, तिच्या आत आणखी एक, मधोमध पांढरा ठिपका आणि कडेनं काळ्या फुल्या. लोक अर्थ विचारत होते. मैना सांगत नाही, नुसती उभी राहते. मग मीच सांगितला. चौकट म्हणजे दार, ठिपका म्हणजे दारात आलेला माणूस (तो मी, दुसरा कोण?) आणि फुल्या म्हणजे मंतर. बाई जाणती आहे, हिनं माझ्यावर करणी केली, असंही हसत म्हणालो. त्याचा व्हिडिओ टाकला, तो साऱ्या वऱ्हाडात फिरून राहिला. मैना अजून काही बोलली नाही. लाजली असेल. भाऊजींच्या कानावर घालून ठेव, मी लग्नाचं विचारणार आहे. फोनवर तू मधेच तोडतेस, म्हणून लिहिलं.

शिव्या दे, पण माया कमी करू नको.
अश्विन

अकोला, १६ जानेवारी

चि. अश्विनास,
आशीर्वाद.

व्हिडिओ काढ, हे फोनवर सांगितलंच. पुढचं फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

मैना माझ्या सासरच्या गावची, इंदूबाईची लेक. व्हिडिओत चेहरा पाहून ओळखली. ती लहान असताना गावात तापानं पोरं गेली आणि करणीचा आळ इंदूबाईवर आला. पोराला दृष्ट लागू नये म्हणून आपण दारावर बिब्याची फुली काढतो ना? तिच्या दारावर काढल्या त्या तिनं बाहेर येऊ नये म्हणून. बाहेरून कडी घातली. मायलेकी आत, उजेड फक्त दाराच्या भोकातून. तुझा पांढरा ठिपका तो. पोलीस येईपर्यंत कुणी कडी काढली नाही. सासूबाई म्हणतात, आमी बी पाहतच होतो.

तुझा व्हिडिओ गावात पोचला. परवा सकाळी इंदूबाईच्या दारावर पुन्हा फुल्या होत्या. तुझे भाऊजी किशोर तिला आमच्याकडे घेऊन आलेत, तक्रारही दिली आहे. ती दाराकडे तोंड करून बसते, दार लावू देत नाही. मोठा अर्थ सांगणारा झालास! आधी मैनाकडे जा, आणि तिथं तोंड कमी चालव.

रागावलेली, तरी तुझीच,
भावना

अमरावती, १९ जानेवारी

ती. ताईस,
जयभीम.

व्हिडिओ काढला, पण लोकांनी आधीच उतरवून घेतला होता. आता तो माझ्या हातात नाही.

मैनाकडे गेलो. ती आईकडे यायला पिशवी भरत होती. चित्रं सगळी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. मी माफी मागायला लागलो आणि तिथंही चुकलो. म्हणालो, लोक विचारत होते, तू गप्प होतीस, म्हणून मी बोललो. तिनं पिशवी खाली ठेवली.

"माही मायबी गप्पच होती," ती म्हणाली. "तवाबी लोकायनंच अर्थ लावला."

लग्नाचं तर ओठावरही आलं नाही. ती तुझ्याकडे येईल तेव्हा माझं नाव काढू नको, एवढी माया ठेव.

निघताना तिनं पाठीमागून सांगितलं, दार ओढून घे, कडी लावू नको. मी बाहेर आलो, दार लावलं. कडी हलून वाजायला लागली. वाजणं थांबेपर्यंत हातात धरली, मग सोडून दिली.

अश्विन