दोन बोटं कमी

ता. ४ जानेवारी

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनच करणार होते, पण जन्मभर बंदुका झाडून माझा डावा कान गेलाय आणि तू फोनवर नेमका नको तिथे हळू बोलतोस. म्हणून लेखी.

आपल्या अण्णांची रायफल मला परत हवी आहे. सहा वर्षांपूर्वी आमचे हे अंथरुणाला खिळले तेव्हा मीच तुला म्हटलं होतं की घेऊन जा, घरात दिसली की हात शिवशिवतात. यांना जाऊन आता आठ महिने झाले. हात रिकामे आहेत. आमच्या क्लबात सात मार्चला जुन्या कारखानी टार्गेट रायफलींची स्पर्धा आहे. पन्नास मीटर, पालथं पडून, चाळीस गोळ्या. अट एवढीच की रायफल कारखान्यातून निघाली तशीच हवी. मला यात उतरायचंच आहे. सहा वर्षांत स्वतःसाठी मागितलेली ही माझी पहिली गोष्ट. तू रडावंस म्हणून लिहीत नाही, तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

तिचा घोडा अजून पूर्वीसारखाच हलका दबतो ना? परवा क्लबच्या चिटणिसांना मी फोनवर जरा मोठ्यानं सांगितलं की आमचा घोडा भाऊ सांभाळतो. तेव्हापासून शेजारीण विचारतेय की भावाकडे अंगण किती मोठं आहे.

बाकी क्षेम. लोभ आहेच, तो रायफलीसकट यावा.

तुझी ताई

*

ता. १३ जानेवारी

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं, आनंद झाला. रायफल मजेत आहे. इथल्या क्लबात आता नव्या रायफली आल्यात, निळ्या, ॲल्युमिनियमच्या, जिथे बघावं तिथे स्क्रू. गालाकडून वर-खाली होतात, खांद्याकडून मागे-पुढे होतात. परवा एक दंतवैद्य पाऊण तास स्क्रूच फिरवत होता, मग त्याची पाळी संपली. पण आपली टेबलावर ठेवली की सगळे हातातलं टाकून येतात. बोल्ट बंद होतानाचा तो आवाज ऐकायला रांग लागते. एक निवृत्त न्यायाधीश नुसता लाकडाचा वास घेऊन जातात. असं जड, असं सरळ काम आता कुणी करत नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. ही नळी आपल्या नातेवाइकांपेक्षा सरळ आहे असं अण्णा म्हणायचे, ते मी सगळ्यांना सांगतो.

फक्त एवढ्यात आणणं जरा अवघड दिसतंय. माझी पाठ धरली आहे. शिवाय तिला तुमच्याकडची हवा सोसेल की नाही कोण जाणे. तू क्लबातलीच एखादी नवी घे ना, तुझ्या वयाला हलकी पडेल.

भाऊजींची आठवण येते. राग नसावा, आणि असला तर माझ्यावर असावा, रायफलीवर नसावा.

तुझा ढब्बू

*

ता. १९ जानेवारी

चि. ढब्बूस आशीर्वाद.

रायफल साडेपाच किलोची आहे. तुझी पाठ रोज नव्वद किलोच्या तुला उचलते, तिला त्यात काय जड? आणि हवा सोसेल का म्हणे! ती काय बाळंतीण आहे?

नवी मला नको. नव्या रायफलीला माणसाच्या मापानं हलवतात. जुनीला कुणी हलवत नाही, आपणच तिच्या मापात बसायचं. बसलं की मग ती आपल्याला फसवत नाही. मला दुसऱ्याच्या मापात राहायची चांगली सवय झाली आहे, ती कुठेतरी उपयोगी पडू दे.

स्पर्धेचा अर्ज भरायचा आहे. खांद्याला टेकतो त्या दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी काढली की आत लाकडावर कारखान्याच्या तपासनिसाचा शिक्का असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरव आणि तो उतरलेला शिक्का पाठव. दोन स्क्रूंचं काम आहे. पाठीला लागणार नाही.

उत्तर लवकर आलं तर माया वाढेल, उशिरा आलं तर काय वाढेल ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

ताई

*

ता. २६ जानेवारी

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

शिक्का सोबत पाठवला आहे. पेन्सिलीनं झकास उठला. खणातून काढला, पुसला, उतरवला आणि परत खणात ठेवून दिला. आता तुझ्या अर्जाची काळजी मिटली.

पाठ अजून धरलेलीच आहे. सूनबाई रोज शेकते. जास्त काय लिहू, कृपा होती तशीच राहावी.

तुझा ढब्बू

*

ता. १ फेब्रुवारी

ढब्बूस,

रायफल पावणेचार फूट लांब आहे. तुझ्या टेबलाचा खण मी पाहिलेला आहे. त्यात अण्णांचा चश्मा आणि डिंकाची बाटली ठेवली की तो लागत नाही.

शिक्का खणात कसा आला?

उलट टपाली कळव. आशीर्वाद सध्या माझ्यापाशीच ठेवले आहेत.

ताई

*

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार, त्रिवार.

कापला.

दस्ता चार वर्षांपूर्वी टोकाकडून दोन बोटं कापला. मी स्वतः, करवतीनं. त्याचं असं झालं की सूनबाई घरात नवीन आली, गप्प गप्प असायची. एकदा सहज क्लबात नेलं. पालथी पडली आणि पहिल्याच दहा गोळ्यांत माझी सगळी अब्रू काढली. पण ती बुटकी. तिचा हात घोड्यापर्यंत ताणला जायचा, मान लांबवून मागच्या छिद्रातून बघावं लागायचं. मला बघवेना. तू काही इतक्यात मागणार नाहीस, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तू आता कधीच मागणार नाहीस असं वाटलं. ते वाटायला नको होतं. भाऊजींच्या खोलीबाहेर तुझं काही उरलंय, हे मी धरलंच नव्हतं.

कापलेला तुकडा फेकून देवेना म्हणून खणात ठेवला. पट्टी परत ठोकली, बाहेरून काही कळत नाही. परवा तुला शिक्का पाठवला तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

पाठीला काहीही झालेलं नाही.

क्षमा करण्याजोगं असेल तर कर, नसेल तर निदान पत्र लिही.

ढब्बू

*

ता. १० फेब्रुवारी

ती. आत्याबाईंस नमस्कार.

बाबांनी तुम्हाला पत्र टाकलं आणि तेव्हापासून जेवताना ताटाकडे बघून बोलतात. करवत त्यांची होती, पण माप माझं घेतलं होतं. कापा असं मी म्हटलं नाही, आणि नको असंही म्हटलं नाही. या घरात तोवर कुणी माझं माप घेतलं नव्हतं, म्हणून फार बरं वाटलं होतं.

मी शिवणाचा वर्ग चालवते. कापताना कडेला माया सोडा, उद्या उसवून मोठं करता येतं, असं मुलींना रोज सांगते. त्या दिवशी लाकडाला माया सोडायची राहिली हे मला समोर दिसत होतं, तरी मी गप्प बसले. चूक माझीही आहे.

तुमच्या चिटणिसांना मी फोन केला होता. डागडुजी चालते, बदल चालत नाही, असं ते म्हणाले. इथल्या सुतारानं तुकडा सरस लावून परत जोडला आहे. केसाएवढी रेघ दिसते. रायफलीला मी आता हात लावणार नाही. शनिवारी बाबा घेऊन येत आहेत. त्यांना फार बोलू नका, वाटेत गाडीतही ते रायफलीची माफी मागत बसणार आहेत.

लहान तोंडी मोठं लिहिलं असेल तर ते माझ्या वयावर घालावं.

तुमची सून

*

ता. २४ फेब्रुवारी

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद. (परत चालू केले आहेत.)

तू गेलास आणि दुसऱ्याच दिवशी मी रायफल घेऊन क्लबात गेले. ती खोक्यातून काढली तशी तिथले चार जण खुर्च्यांवरून उठले. तिला पाहून उठले, मला पाहून नाही. क्लबच्या तपासनिसानं पट्टी काढून शिक्का बघितला, रेघ बघितली, डागडुजी असं लिहिलं आणि पास केली. मी चटईवर पालथी पडले. खांद्याला लावली. आणि हात पोचेना. मागचं छिद्र लांब, नळीच्या टोकाची माशी धूसर, मान ताणून ताणून दुखायला लागली. वीस गोळ्यांत लक्ष्याच्या आजूबाजूचा सगळा कागद फोडून झाला.

सुताराला मनात भरपूर शिव्या दिल्या, सरसाचा थर जाड लावला म्हणून. मग घरी येऊन अण्णांच्या जुन्या पट्टीनं मोजलं. दस्ता अगदी मूळ मापाचा भरला. सुतार बिचारा चोख आहे.

परवा स्पर्धेसाठी डॉक्टरांचा दाखला आणायला गेले. त्यांनी भिंतीशी उभं केलं, कागदावरचा जुना आकडा पाहिला, परत मोजलं, मग म्हणाले की सहा वर्षांत तुम्ही चार सेंटीमीटर कमी झालात. यांना उचलता-निजवता पाठीचा कणा दबलाय म्हणे. मी बोटं लावून बघितली. दोनच भरली.

तेव्हा आता परिस्थिती अशी आहे की रायफल कारखान्यातून निघाली तशी आहे, मी नाही.

तुकडा ठेवला तर स्पर्धेत नाव लागेल आणि गोळी लागणार नाही. काढला तर उलट. दोन दिवस विचार केला. आज दुपारी किटलीची वाफ दिली, सरस सुटला. तुला फार हसू येत असेल तर दार लावून हस.

सूनबाईचं ते मायेचं वाक्य मी दोनदा वाचलं, तिला सांग.

ममता आहे, ती तुझ्या करवतीलाही पुरून उरेल.

ताई

*

ता. ९ मार्च

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

स्पर्धा झाली. तपासनिसापुढे मीच पट्टी काढून धरली, शिक्का नाही हे दाखवलं. त्यानं माझं नाव खोडून बाद लिहिलं. त्याला फार वाईट वाटत होतं, म्हणून मीच विचारलं की बाद माणसानं गोळ्या झाडल्या तर चालतं का. त्यानं नियमांची वही उलटसुलट चाळली आणि चालू नये असं कुठे लिहिलेलं नाही म्हणाला.

चारशेपैकी तीनशे एक्याऐंशी झाले. फळ्यावर सगळ्यात खाली खडूनं लिहिलंय, एक बाई, स्पर्धेबाहेर. पहिल्या आलेल्या गृहस्थांचे तीनशे एकोणऐंशी. ते येऊन रायफलीला हात जोडून गेले. ढब्बूला हे सांग, पण हळूहळू सांग, एकदम सांगितलंस तर नाचेल.

तुला लिहायचं होतं ते वेगळंच. तिसाव्या गोळीनंतर माझ्या लक्षात आलं की अर्धा तास होऊन गेला आणि मला कुणी हाक मारली नाही. हे होते तोवर, पाच वर्षं, दर पंधरा मिनिटांनी हाक मारायचे. पाणी दे, उशी सारख, कूस बदल, कधी नुसतंच, मी आहे की नाही बघायला. त्या हाकेचा मला इतका वैताग यायचा की एकदा मी न्हाणीघरात जाऊन मुद्दाम नळ सोडून बसले होते. आणि परवा चटईवर कानांत बोळे घालूनही मी कान टवकारून होते. मग आठवलं. एकतिसावी गोळी सातावर गेली. बाकीच्या नऊ डोळे पुसून झाडल्या.

रायफल मी परत पाठवत नाही. ती तुझ्या मापाची आहे आणि माझ्याही मापाची आहे. दोन ठिकाणी राहू शकत नाही, आणि मी वयानं मोठी आहे. तेव्हा तूच यायचंस, महिन्यातून दोन शनिवार तरी. शिवणाच्या मुलींना सुट्टी दे. आधी तू झाड, मग मी.

मी झाडत असले की मधेच एकदा मला हाक मार. काही काम नसलं तरी मार.

तुझी आत्या