दुसऱ्यांदा विचारतील म्हणून

६ ऑक्टोबर, सोमवार

वाळवंट! खरंखुरं, जैसलमेरचं.

आमोदने जेवताना विषय काढला. डिसेंबरच्या सुट्टीत मुलांना घेऊन राजस्थान. उंटावर बसून फोटो काढला आणि आलो परत, असं नाही. तिथल्या वाळवंटातल्या अभयारण्यात पायी हिंडायचं. अवनी आठची, वरद साडेचारचा. मला वाटलं सूनबाई मोडता घालणार. तर नम्रताच म्हणाली, "जमेल. आत्तापासून चालायला लावू दोघांना."

मग आमोद माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही येणार का?"

घास हातातच राहिला माझा. म्हणालो, "मला म्हाताऱ्याला कशाला ओढता? तुम्ही जाऊन या."

"ओके," म्हणाला आणि ताक ओतून घेतलं.

ओके! अरे, ओके काय? पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणतं का? पंगतीत जिलबी वाढतानासुद्धा पहिला "नको" कोणी ऐकत नाही. असो. विचारेल पुन्हा. उद्या-परवा विचारेल.

७ ऑक्टोबर

नाही विचारलं. हिंजवडीहून बसच साडेआठला आली. दमला होता.

११ ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर एक कविता डोक्यात. चौथीला आम्हाला धोंडिबा मास्तर होते. पुस्तकातल्या कविता संपल्या की स्वतः रचलेल्या म्हणून दाखवायचे. उंटाची एक होती —

उंट चालला लांब पल्ल्याला, पाठीवरती ऊन,
पाऊल त्याचे वारा पुसतो, मागे उरे न खूण.

पुढेही होती. गेली. आमच्या गावात उंट नव्हता आणि वाळू ओढ्यापुरती. तरी डोळे मिटून या दोन ओळी म्हटल्या की पायाखाली गरम लागायचं! पासष्ट वर्षं झाली त्याला. पुढे मी स्वतः तेहतीस वर्षं मराठी शिकवलं. कवितेच्या तासाला पोरांना समुद्र दाखवला, बर्फ दाखवला, अरण्यं दाखवली. आणि शाळेच्या सहली सोडल्या तर स्वतः गेलो कुठे? पानशेत. एकदा अलिबाग.

१८ ऑक्टोबर, शनिवार

नम्रता म्हणाली, "बाबा, सुट्टी लागलीये तर मुलांना रोज सकाळी टेकडीवर न्याल का? प्रॅक्टिस होईल."

नेलं. अवनी हरणासारखी पुढे. वरद अर्ध्या चढावर मटकन बसला. "आजोबा, माझे पाय संपले."

"संपले? मग आता कोणाचे वापरायचे?"

"तुमचे."

खांद्यावर घेऊन वर गेलो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी! वर पोचल्यावर वाटलं, जैसलमेर काय, कुठेही जाईन. तसं घरी येऊन मोठ्याने सांगितलंसुद्धा. आमोद म्हणाला, "बाबा, जपून हं. पाठ धरेल."

प्रॅक्टिसला मी. परीक्षेला कोण, ते अजून ठरायचंय.

२२ ऑक्टोबर, पाडवा

मुलांनी सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ला केलाय. यंदा शिवनेरी नाही, जैसलमेरचा. भोवती पिवळा रंगीत भुसा पसरलाय. वरदने मावळ्यांना उंटावर बसवलं. खालच्या मजल्यावरच्या सुशीलाबाई थांबून बघत होत्या.

"काय हो मास्तर, यंदा मावळे राजस्थानात वाटतं?"

"हो. मोहीम आहे."

"आणि तुम्ही?"

मी म्हटलं, "मागून येतोय." त्यांना गंमत वाटली. मला नाही वाटली.

२ नोव्हेंबर, रविवार

वाळूवर चालायची सवय हवी, हे माझ्याच डोक्यातून निघालं. टेकडी म्हणजे मुरूम. तो पायाला धरतो. वाळू पाय ओढते. शेजारच्या इमारतीचं बांधकाम चाललंय, तिथे ढीग आहे. सात वाजता गेलो. मुलं वर चढतात, घसरतात, पुन्हा चढतात. शेवटी मीही चपला काढल्या. घोट्यापर्यंत रुतलो! दोन पावलं वर, एक खाली. छाती भात्यासारखी चाललेली. फार बरं वाटलं.

तेवढ्यात वॉचमन सोनबा शिट्टी फुंकत आला. "अहो आजोबा, बिल्डरचा माल हाय तो, चौपाटी न्हाय! पोरांचं समजलं, तुम्ही बी?"

उतरलो. जाता जाता तोच म्हणाला, की ती वाळूसुद्धा खरी नाही. दगड भरडून केलेली.

९ नोव्हेंबर, रविवार

मुलांना माळढोक पक्षी शिकवला. त्या वाळवंटात अजून थोडे उरलेत म्हणतात. करमाळ्याला नोकरीची पहिली चार वर्षं काढली, तेव्हा माळावर पाहिलेला. मान ताठ, छाती पुढे. हेडमास्तर व्हरांड्यातून जातात तसा चालतो. मी चालून दाखवलं. मुलं लोळली हसून.

मग अवनी गळ्यात पडून म्हणाली, "आजोबा, आम्हाला दिसला ना, की आम्ही तुम्हाला फोटो पाठवू."

आम्ही!

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला मीच सांगितलं होतं, की 'आपण'मध्ये ऐकणारा धरलेला असतो आणि 'आम्ही'मध्ये नसतो. पोरीने अचूक वापरलं. पैकीच्या पैकी मार्क.

१५ नोव्हेंबर, शनिवार

फ्रिजवर नम्रताची यादी लागली आहे. बंद बूट, काटे काढायचा चिमटा, ओआरएस, शिट्ट्या (मूल हरवलं तर वाजवायला), टोप्या चार.

मी मुद्दाम विचारलं, "काय गं, डिसेंबरात तिकडे पहाटे थंडी किती असते?"

"सहा-सात डिग्री. वरदला थर्मल घेतलंय, बाबा."

माझे कॅनव्हासचे बूट धुऊन हॉलमध्ये, येता-जाता दिसतील असे वाळत ठेवले. आमोदने ते उचलून बाल्कनीत नेऊन ठेवले. "इथे वाळणार नाहीत, बाबा."

हेमा असती तर एका वाक्यात काम झालं असतं. चाळीस वर्षं तिने ते केलं. "ह्यांना परत विचार रे, हे पहिल्यांदा नाहीच म्हणतात." माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा तिच्या वडिलांना मला दोनदा विचारावं लागलं होतं! चार वर्षं झाली तिला जाऊन. या घरात माझं मराठी कळणारं आता कोणी नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

विमानाची तिकिटं आली. चार.

अवनी नाचत सांगत आली. मी पेपर वाचत होतो, वाचत राहिलो. आमोद चहा घेऊन समोर बसला तेव्हा मात्र राहवलं नाही. म्हणालो, "छान. घरात अजून एक माणूस राहतो, त्याला विचारायची पद्धत गेली वाटतं."

"विचारलं होतं, बाबा. तुम्ही नाही म्हणालात."

"एकदा! एकदा विचारतात का कोणी?"

तो हसला. मग हसू गेलं. कप खाली ठेवून म्हणाला, "तुम्ही मला किती वेळा विचारलं होतंत?"

"कधी?"

"नान्नजच्या ट्रिपला."

आणि उठून आत गेला. नम्रता कणीक मळायची थांबली होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

आठवलं. न आठवायला काय झालं.

शहाण्णव साल. आमच्या शाळेची सहल सोलापूरजवळ नान्नजला निघाली होती, माळढोक बघायला. दोन बस भरून पोरं. आमोद दहाचा, पाचवीत, माझ्याच वर्गात. आदल्या दिवशी कविता अडली म्हणून मी त्याला तासभर उभं ठेवलं होतं. घरचा म्हणून जरा जास्तच! घरी आल्यावर विचारलं, "उद्या येतोस ना?" तो भिंतीकडे बघून म्हणाला, "नाही." मी म्हणालो, "बरं." पहाटे त्याला शेजारी सोपवला आणि गेलो. दुसऱ्यांच्या नव्वद पोरांना माळढोक दाखवला. दुर्बीण एकेकाच्या डोळ्याला लावून, मान धरून दाखवला.

आज टेकडीवर तो आमच्याबरोबर आला. मुलं पुढे पळाली. मी काही विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. "माझी पिशवी भरलेली होती. पलंगाखाली. तुम्ही परत विचाराल म्हणून जागा होतो."

"आई कशी काही बोलली नाही?"

"आई मामाकडे गेली होती तेव्हा. विसरलात?"

विसरलो होतो.

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

२४ नोव्हेंबर

काही लिहवत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज काही काम नसताना आमोदबरोबर त्याच्या कंपनीच्या बसथांब्यापर्यंत गेलो. तो दोनदा म्हणाला, "बाबा, तुम्ही कशाला?" वाटेत वाक्य मनात चार प्रकारे जुळवलं. तेहतीस वर्षं पोरांना वाक्यरचना शिकवली, आणि एक सरळ वाक्य जमेना. 'तुमची अडचण होणार नसेल तर', 'सहज आपलं म्हणून' — प्रत्येक रचनेत मी दाराआड उभा.

बस वळणावर दिसली. म्हणालो, "आमोद, मलाही यायचंय. वाळवंटात. फार यायचंय."

बस लागली. मागचा तरुण म्हणाला, "काका, चढताय का?" आमोद चढला. खिडकीशी बसला. बस हलली तरी माझ्याकडे बघत होता. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

घरापर्यंत चालत आलो. कान तापलेले. या वयात असं मागायचं म्हणजे! पण बोललो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

त्यांच्या विमानात आता जागा नाही. नम्रता मुलांना घेऊन त्याच विमानाने जाईल. आमोदने स्वतःचं तिकीट रद्द केलं. तो आणि मी आधी निघायचं, रेल्वेने, जोधपूरला गाडी बदलून. समोरासमोर दोन बर्थ. दीड दिवस! मोबाईल पुढे करून मला त्यानेच दाखवलं आणि आत गेला.

वाळवंट असेल तिथे असेल. मला आता त्या गाडीचेच वेध लागलेत, आणि धडकीही तिचीच. पोराशी दीड दिवस बोलायचं काय?