माझं काही नाही

दसरा, संध्याकाळ. सेंगकांग, सिंगापूर.

सकाळी आईने देवापुढे माझा लॅपटॉप पुजला, माझ्या बायकोची, मनीषाची शिवणाची कात्री पुजली. माझा सॅक्सोफोन मात्र दाराशी, चपलांच्या रॅकशेजारच्या खुर्चीवर. "माझं काही नाही रे, पण देवाला... तोंड लावलेलं असतं त्याला. उष्टं ते." मग तिथेच वाकून तिने त्याला कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. चिडायचं तरी कसं?

दुपारी एजंट बाईचा फोन. भाड्याने घ्यायच्या नव्या फ्लॅटचं फिसकटलं. सिंगापुरी लकबीतला तिचाही आवाज तसाच मऊ. "मी ओके लाह, बट ओनर डझन्ट वॉन्ट इंडियन्स." आईचंच वाक्य, इंग्रजीत. मी तिला थँक यू म्हणालो. का म्हणालो?

आता बारमध्ये वाजवायला निघायचंय. ज्या काळ्या लोकांनी हे जॅझ घडवलं त्यांनाही मागच्या दाराने आत घेत. आज वाजवण्याआधी माइकवर फ्लॅटचं बोलावं का? इथे राहायचा वर्क पास रिन्यू व्हायचाय, नकोच. आणि बोललोच, तर त्या खुर्चीचंही सांगणार का? मला देव भेटतो तो हे वाजवतानाच, एवढं आईलाही कधी सांगता आलं नाही.

सॅक्सोफोन केसमध्ये ठेवताना पाहिलं, कुंकू अजून तसंच आहे. पुसवत नाही, ठेववतही नाही.

आत्ता आई दारात येऊन विचारून गेली, "सकाळचं मनाला लावून घेतलंस का रे?"

म्हणालो, "माझं काही नाही."