मी तामार नाही

१२ ऑक्टोबर १९४७

आज पुन्हा गोठ्याभोवती फेऱ्या. सकाळच्या रांगेत आमच्या शिक्षकानं, निमरोदनं, हाक मारली, "तामार!" मी गप्प. "तामार!" मी समोरच्या शेणाच्या ढिगाकडे बघत उभी. मग तो नाकासमोर येऊन हिब्रूत भरभर काहीतरी बोलला. त्यातलं 'पळ' आणि 'गोठा' एवढं आता मला पक्कं कळतं. पळाले. बुटांत पाणी, डोक्यात राग.

तामार म्हणजे म्हणे खजुराचं झाड. मी आयुष्यात खजूर बघितलेला नाही!

इथं सगळ्यांना नवी नावं वाटून झाली आहेत. लाइबकेचा अर्ये झाला, राइझलची शोशान्ना झाली. निर्वासित कॅम्पात मदतीचे कोट वाटतात ना, तशी घेतली त्यांनी, मापाची असोत नसोत. मीच एक आडमुठी. नाव बदलायला तशी माझी हरकत नाही, खरंच नाही. पण मग ओशेरनं शोधायचं कुणाला?

१५ ऑक्टोबर

ओशेरबद्दल लिहून ठेवते, नाहीतर हल्ली त्याचा चेहरा पुसट होत चाललाय. माझा मोठा भाऊ. एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात जर्मन आमच्या गावात, स्लोनिममध्ये, शिरायच्या आत तो रशियनांबरोबर पूर्वेला गेला. मी आईपाशी राहिले. पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. मी जंगलात पळाले आणि तिथंच युद्ध संपेपर्यंत जगले. तो आहे की नाही, माहीत नाही.

गेल्या वर्षी ज्या ज्या निर्वासित कॅम्पातून गेले, तिथल्या भिंतीवर चिठ्ठी डकवली. 'ब्रायना लिपनिक, स्लोनिम, हिर्श आणि झिस्ल यांची मुलगी, भाऊ ओशेर याला शोधते आहे.' खाली पत्ता. तो पत्ता आता जुना झाला. या शेताचा पत्ता द्यायला बंदी. मी निमरोदला विनवून पाहिलं. तो म्हणाला, "कसला पत्ता? इथं कुणी राहतच नाही."

म्हणजे आम्ही कुणीच नाही आणि आम्ही कुठंच नाही. झालं!

१९ ऑक्टोबर

अमेरिकन लष्कराच्या कागदावर ही ज्यू मुलामुलींची शेतकी शाळा. इथं दोन गायी आहेत आणि दोन्हींना आमची भीती वाटते, कारण धार कुणालाच नीट काढता येत नाही. आम्हाला शिकवतात ते वेगळंच. काठीनं मारायचं कसं, काठीचा मार चुकवायचा कसा, पोटावर सरपटायचं कसं. पॅलेस्टाइनला पोचलो की लढावं लागणार, आणि तिथं शिकवत बसायला वेळ नसणार, म्हणून तिथल्या ज्यूंच्या गुप्त संघटनेनं तिथूनच निमरोदला पाठवलं आहे. वय जेमतेम तेवीस, तांबूस भाजलेला, तोंडभर दात. कधी उपाशी झोपला असेल असं वाटत नाही.

बंदुका नाहीत. एक पिस्तूल आहे, ते हातोहात फिरतं, आणि त्यात गोळ्या नाहीत. मी चिडून म्हटलं, "जंगलात आमच्याकडे याहून जास्त होतं." लाइबके म्हणाला, "अगं, जंगलात तुला कुणी हिब्रू तरी शिकवलं का?"

शेजारची जर्मन हुबरबाई कुंपणाशी उभी राहून बघत असते. आज म्हणाली, "विचित्र शाळा तुमची. दांडे एवढे, आणि खुरपं एकालाही नाही."

२३ ऑक्टोबर

दिवसभर दगड फेकले. दगड म्हणजे हातबॉम्ब. खांदा उचलवत नाही, पेन्सिल कशीबशी धरली आहे.

२८ ऑक्टोबर

आज अमेरिकन लष्कराची जीप आली. रस्त्याच्या वळणावर राइझल पहाऱ्याला होती, तिनं डोक्यावरचा रुमाल काढून हलवला. आम्ही त्या वेळी जोडी जोडीनं काठ्यांनी एकमेकांना झोडपत होतो. निमरोद ओरडला, "नाचा!" क्षणात काठ्या गवतात आणि आम्ही फेर धरून नाचायला लागलो. चिखलात, घामेजलेले, लाइबकेच्या ओठातून रक्त येतंय आणि तो मोठमोठ्यानं गातोय.

सार्जंट उतरला. बराच वेळ बघत राहिला. मग लाइबकेच्या ओठाकडे बोट दाखवून म्हणाला, "फार जोरात नाचता बुवा तुम्ही." सिगरेटी वाटल्या आणि निघून गेला. सगळे पोट धरून हसले. मीही हसले, पण मग गोठ्यामागे जाऊन रडले. का ते कळलं नाही. इतकी वर्षं लपून काढली. आता जिंकलेल्या लोकांच्या राज्यात पुन्हा लपायचं, पुन्हा खोटं बोलायचं, पुन्हा खोटं नाव! वीट आलाय मला.

२ नोव्हेंबर

तारीख ठरली. वीस तारखेला ट्रक येणार, सगळ्यांना समुद्रापर्यंत नेणार, तिथून पॅलेस्टाइनला बोट, तिथल्या इंग्रज सरकारची नजर चुकवून. प्रत्येकाचे नवे कागद तयार होत आहेत. माझे सोडून.

निमरोदनं मला स्वयंपाकघरात गाठलं. मी बटाटे सोलत होते. या वेळी तो चक्क आमच्या घरच्या भाषेत, यिद्दिशमध्ये बोलला. म्हणजे येतं त्याला! मोडकंतोडकं, आजीकडून ऐकलेलं, पण येतं.

म्हणाला, "कागदांवर तामार लिहितो. हो म्हण."

"नाही."

"मग ट्रकमध्ये जागा नाही. बोटीवर इंग्रजांनी पकडलं तर प्रत्येकानं एकच नाव सांगायचं, कागदावरचं. तू मध्येच ब्रायना म्हणालीस की बाकीचे अडकले."

मी त्याला समजवायचा प्रयत्न केला. आमच्याकडे नाव म्हणजे काही कोट नाही, आज हा, उद्या तो. नाव गेलेल्या माणसाचं ठेवतात. माझी आजी ब्रायना मी जन्मायच्या आधी महिनाभर वारली, म्हणून मी ब्रायना. जिवंत माणसाचं नाव बाळाला कधीच देत नाहीत. दिलं तर दोघांपैकी एक फार दिवस राहत नाही, असं आई म्हणायची. आजीचं नाव माझ्याकडे आहे आणि त्या नावानं एक माणूस मला शोधत असेल.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मेलेल्यांची नावं पुरे झाली आता. जरा जिवंत लोकांसारखं जगा की तुम्ही."

मी सुरी खाली ठेवली. नाहीतर काय झालं असतं, सांगता येत नाही.

लाइबके चुलीपाशी पाय शेकत सगळं ऐकत होता. निमरोद गेल्यावर म्हणाला, "तुला मुलगा झाला ना, तर त्याचं नाव लाइबके ठेव. मोकळंच आहे आता, मी अर्ये झालो."

"आधी मर, मग ठेवते," मी म्हटलं.

"बघ, एवढ्याशा कामासाठी मेहनत किती!" तो म्हणाला, आणि माझ्यापुढचे अर्धे बटाटे त्यानं ओढून घेतले.

६ नोव्हेंबर

हाक. गप्प. फेऱ्या.

१० नोव्हेंबर

राइझल रात्री पांघरुणात शिरली आणि कुजबुजत राहिली. "तू आली नाहीस तर मी कुणाबरोबर भांडू? हो म्हणून टाक ना गं. तिथं पोचलीस की पुन्हा ब्रायना हो, कोण विचारतंय?"

तिचं बरोबर आहे. तिला शोधणारं कुणी नाही, हे तिला ठाऊक आहे. ती मोकळी झाली आहे. मला तो मोकळेपणा नको आहे, पण कधी कधी हेवा वाटतो. किती वाईट गोष्ट लिहिली मी. राहू दे.

आणि खरं सांगायचं तर, ओशेर जिवंत असता तर दोन वर्षांत सापडला नसता का?

१४ नोव्हेंबर



आज उल्मजवळच्या कॅम्पातून नवी मुलं आली. जेवताना राइझलनं मला हाक मारली, "ब्रायना, मीठ दे." माझ्यासमोर सेंडर नावाचा नवा मुलगा बसला होता. त्यानं आडनाव विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "लिपनिक? आमच्याकडे एक लिपनिक आहे. चांभारकी करतो. या उन्हाळ्यात रशियातून पोलंडमार्गे आला."

"नाव?"

"ओशेर."

मी उठून उभी राहिले. बाक मागे पडला. "काम करताना जीभ बाहेर काढतो?"

सेंडर हसला. "तोंडात खिळे असले तरी काढतो. एक दिवस गिळणार आहे."

ओशेर! माझे वडीलही त्याला हेच म्हणायचे, एक दिवस खिळा गिळशील.

लग्न झालंय त्याचं. बायको तिकडचीच, विटेब्स्कची. महिन्याभरापूर्वी मुलगी झाली. मी विचारलं, बहिणीबद्दल काही बोलतो का? सेंडर म्हणाला, "माझ्याशी तरी नाही. भिंतीवर चिठ्ठी-बिठ्ठी लावलेली काही बघितली नाही मी."

शोधलंच नाही त्यानं मला! मी त्याच्यासाठी गोठ्याभोवती जमीन झिजवली आणि तो तिकडे बूट शिवत बसलाय!

निमरोदकडे धावले. दोन दिवसांची सुट्टी मागितली. नाही म्हणाला. ट्रक निघेपर्यंत कुणीही शेत सोडायचं नाही, एकानं बाहेर तोंड उघडलं की सगळे पकडले जातील. मी यिद्दिशमध्ये वाट्टेल ते बोलले. शिव्या देत त्याच्या आईपर्यंत गेले. त्यानं फेऱ्याही दिल्या नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला.

१६ नोव्हेंबर

पळून जायचं ठरवलं. राइझलनं बूट लपवून ठेवले. भांडलो. दोघी रडलो. बूट अजून दिलेले नाहीत.

१७ नोव्हेंबर

दुपारी चिखलात सरपटत होतो. सेंडर माझ्या शेजारी. दोन दिवस तो ओशेरच्या मुलीचं नाव आठवत होता. मीच त्याच्या मागे लागले होते. बारशाच्या दिवशी प्रार्थनाघरात ओशेरनं सगळ्यांना हेरिंग मासे आणि दारू दिली होती, आणि सेंडरनं मासे कमी आणि दारू जास्त घेतली होती.

एकदम म्हणाला, "आठवलं! जोडनाव होतं. झिस्ल-ब्रायना."

तो हसत होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू गेलं. त्यालाही रीत ठाऊक आहे.

झिस्ल आमची आई. ओशेरनं मला आईशेजारी बसवलंय.

मी तिथंच पडून राहिले. निमरोद ओरडत होता, पुढे, पुढे. सेंडर हळू आवाजात म्हणाला, "तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं खरं, स्लोनिमचा एक माणूस त्याला भेटला होता म्हणून. त्यानं सांगितलं, जंगलात, नदी ओलांडताना..." पुढचं त्यानं सांगितलं नाही. नदी मला आठवते. आम्ही बरेच जण उतरलो होतो पाण्यात. पलीकडे निघणारी मी एकटी नव्हते, पण मागे वळून कुणी मोजलं नव्हतं.

म्हणून शोधलं नाही त्यानं. मेलेल्यांना कोण शोधतं?

संध्याकाळी निमरोदला सगळं सांगितलं. रीत सांगितली, बाळ सांगितलं. त्याला नीट कळावं म्हणून हिब्रूत सांगायला गेले, शब्द पुरेनात. तो म्हणाला, "यिद्दिशमध्ये सांग." मग म्हणाला, समुद्राकडे जाताना ट्रक उल्मवरून नेता येईल, तासभर थांबेल. आणि चाचरत विचारलं, "कागदांवर मग... ब्रायनाच लिहू का? बघतो मी काहीतरी."

महिना झाला त्याच्याशी भांडतेय, आणि आज तो हे विचारतो! मी म्हटलं, सकाळी सांगते.

१८ नोव्हेंबर

सकाळची रांग. निमरोद माझ्यापाशी येऊन थांबला, कुठली हाक मारावी ते त्याला कळेना. मीच म्हणाले, "तामार. हजर."

ओशेरनं दार उघडून विचारलं, ब्रायना? — तर सांगायचं, ब्रायना पाळण्यात आहे. ते नाव तिचं. मी तामार, तुझी बहीण.